डबीत माश्या किती?

मासा आणि माशी. मराठीनं या दोन शब्दांत एका अक्षराचंच अंतर ठेवलंय. डोंगरातल्या ट्राउट माशाच्या बाबतीत तर तेवढंही उरत नाही. माशी दाखवायची आणि मासा घ्यायचा, असा हा व्यवहार. फक्त ती माशी खरी नसते. कोंबड्याचं पीस, हरणाचे केस, मोरपिसाचा एखादा तंतू आणि रेशमाचा दोरा बारीकशा गळावर गुंडाळून माणसानं ती बांधलेली असते. ती पाण्यात बुडता कामा नये, वर तरंगतच वाहत गेली पाहिजे. म्हणून तिचं नाव ‘ड्राय फ्लाय’... कोरडी माशी!

कोकणात गरी टाकून मासे गरवणाऱ्याला हा सगळा पोरखेळ वाटेल. त्याच्या गरीला कोळंबी असते, नाहीतर गांडूळ. माशाला वास येतो, चव लागते, आणि तो आमिष गिळून मोकळा होतो. इथे वास नाही, चव नाही. आहे ते नुसतं दिसणं. तोंडात घेतल्याक्षणी माशाला फसवणूक कळते आणि तो ती थुंकून टाकतो. त्या क्षणभरात हाताला झटका द्यायचा. चुकलात तर नदी पुढे वाहते आहेच.

मग अशी माशी असावी तरी कशी? या प्रश्नानं ट्राउटवेड्यांची झोप सव्वाशेहून अधिक वर्षं उडवली आहे. कोरड्या माश्यांचे नमुने आज हजारोंनी आहेत. हौशी माणसाच्या डबीत पहिल्या वर्षी वीस माश्या असतात, तिसऱ्या वर्षी दोनशे होतात. पण जे खरोखर पाण्यात उभे राहून वर्षं काढतात, त्यांची डबी पुन्हा लहान होत जाते. अखेर चार-पाच आवडत्या माश्या उरतात.

ट्राउट आपल्याकडचा मासा नव्हे. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसमध्ये तो खुशीत असतो, वीसच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होतो. साहजिकच महाराष्ट्रातल्या नद्यांत तो भेटायचा नाही. इंग्रजांना मात्र काश्मीरचे ओढे पाहून स्कॉटलंडची आठवण झाली. १८९९ मध्ये विलायतेहून पाठवलेली ब्राऊन ट्राउटची अंडी वाटेतच मेली. १९०० सालची खेप मात्र जगली आणि श्रीनगरजवळ हारवनच्या परिसरात त्यांची पैदास सुरू झाली. १९०९ च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्यानं खटपट करून हा मासा कुलू खोऱ्यात कटराईनला आणला. पुढे काश्मीरची लिद्दर, कुलूची तीर्थन, बरोटची उहल अशा नद्यांत तो घरचाच होऊन गेला. इथल्या मूळच्या स्नो ट्राउटच्या वाट्याचं पाणी या पाहुण्यानं बळकावलं, अशी अभ्यासकांची तक्रार आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण आता तो आहे, आणि त्याच्यामागे माशी घेऊन फिरणारेही आहेत.

एप्रिलमधली तीर्थन डोळ्यांसमोर आणा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून निघालेलं पाणी दगडांवर आपटत, फेसाळत लारजीकडे चाललंय. तिथे ते बियासला मिळणार. काठावरचा नवखा पाहुणा डबी उघडून बसलाय. तपकिरी घ्यावी की करडी? मोठी की छोटी? एक बांधतो, सोडतो, दुसरी बांधतो. पलीकडे गावातला वाटाड्या उभा आहे. त्याच्या टोपीत तीन माश्या टोचलेल्या असतात. त्यातली एक तो तंगुसाला बांधतो आणि दिवसभर बदलत नाही. हे दृश्य अशा नद्यांवर नवं नाही. आणि संध्याकाळी कुणाला जास्त मासे मिळतात, हे सांगायला नकोच!

पाहुण्याचं चुकतं कुठे? त्याच्या डोक्यात एका विलायती माणसाचं तत्त्व बसलेलं असतं, त्याला ते माहीत असो वा नसो. फ्रेडरिक हॅल्फर्ड हे त्या माणसाचं नाव. त्याचं तरंगत्या माश्यांवरचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं आणि कोरड्या माशीचा जणू धर्मग्रंथच ठरलं. हॅल्फर्डचं म्हणणं असं, की त्या वेळी पाण्यावर जो कीटक उतरला असेल, त्याचीच हुबेहूब नक्कल माशापुढे ठेवावी. रंग तोच, आकार तोच, पंखही तसेच. हॅल्फर्ड ज्या नद्यांवर मासे धरी, त्या इंग्लंडच्या दक्षिणेतल्या टेस्ट आणि इचेन. खडूच्या डोंगरातून झिरपून आलेलं काचेसारखं नितळ, संथ पाणी. तिथला ट्राउट जागेवर स्थिर उभा राहून वर येणारी प्रत्येक माशी सोनारासारखी पारखून घेतो. तिथे हॅल्फर्ड बरोबरच होता. तरी गंमत पाहा... १९१० मधल्या पुस्तकात त्यानं स्वतःच आपली यादी ३३ नमुन्यांवर आणली.

अमेरिकेत कॅटस्किल पर्वतात थिओडोर गॉर्डन नावाचा एक एकलकोंडा, छातीनं दुबळा माणूस नदीकाठी राहत होता. त्यानं हॅल्फर्डला पत्र लिहिलं आणि १८९० च्या फेब्रुवारीत हॅल्फर्डनं उत्तरासोबत आपल्या माश्यांचे नमुने धाडले. नमुने सुंदर होते. पण गॉर्डनच्या डोंगरी पाण्यावरचे कीटक वेगळे, आणि पाणी तर त्याहून वेगळं. त्या धसमुसळ्या प्रवाहासाठी गॉर्डननं कडक पिसांच्या, आपल्या पाण्याला साजेशा माश्या बांधायला घेतल्या. डोंगरातल्या कोरड्या माशीची गोष्ट खऱ्या अर्थानं इथून सुरू होते.

डोंगरी पाण्याचा न्यायच निराळा. त्यासाठी पाण्याखाली जाऊन माशाच्या डोळ्यांनी वर पाहायला हवं. माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी तयार होते. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. त्यात तळाचे दगडगोटेच उमटतात. वाहत येणारी माशी आधी या आरशावर दिसते. म्हणजे माशी नव्हे, तिच्या पिसांच्या टोकांनी पाण्याला पडलेल्या खळ्या. प्रकाशाचे चार-सहा ठिपके म्हणा ना! मग ती खिडकीच्या काठाशी येते, तेव्हा पंख दिसतात, शेवटी अंग. संथ नदीत माशाला हे सगळं निवांत बघता येतं. तीर्थनसारख्या खळाळत्या पाण्यात आरसाही फुटलेला आणि खिडकीही. घास एका क्षणात वरून निघून जाणार. त्यातून थंड डोंगरी ओढ्यात खाणं बेताचंच. नखरे करणारा मासा तिथे उपाशी राहील. म्हणून डोंगरातल्या माशीला तीनच गोष्टी जमाव्या लागतात. बुडू नये, सर्वसाधारणपणे कीटकासारखं दिसावं, आणि फेसातून वाहताना ती गळकऱ्याला स्वतःला दिसावी. तिसरी गोष्ट नवखे विसरतात. माशी कुठे आहे तेच कळलं नाही, तर मासा आला हे कळणार कसं?

या कसोटीला पहिल्यांदा उतरते ती ‘अ‍ॅडम्स’. १९२२ मध्ये मिशिगनमधल्या लेन हॅलाडे यांनी ती बांधली आणि मित्राचं नाव दिलं. हा मित्र, चार्ल्स अ‍ॅडम्स, बोर्डमन नदीवर ती घेऊन गेला आणि खूश होऊन परतला. करड्या फरचं अंग, त्याभोवती तपकिरी आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पीस एकत्र गुंडाळलेलं. रंग म्हणाल तर धड कुठलाच नाही, आणि तिची खुबी त्यातच आहे. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक महिनोन्‌महिने पाण्याखाली अळीच्या रूपात काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगतो. त्याला तेव्हा खायला तोंडसुद्धा धड नसतं! अशा बऱ्याच मेफ्लायसारखी अ‍ॅडम्स थोडीथोडी दिसते. डासासारखीही दिसते. ज्याला ज्या देवाची आस, त्याला तो दिसावा, तसं माशाचं होतं. हिचाच एक प्रकार ‘पॅराशूट अ‍ॅडम्स’. त्यात पांढऱ्या केसांचा तुरा उभा ठेवून पीस त्याभोवती छत्रीसारखं आडवं गुंडाळतात. माशी पाण्यावर बसते सपाट आणि माणसाला तुरा लांबून दिसतो. एकच माशी घ्यायची म्हटलं तर डोळे मिटून ही घ्यावी, १४ नंबरच्या गळावर. (गळाचा हिशेब उलटा असतो, नंबर वाढला की गळ लहान.)

दुसरी ‘एल्क हेअर कॅडिस’. कॅडिस हा पतंगासारखा कीटक. त्याची अळी वाळूचे कण, काटक्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधते. डोंगरी नदीतला दगड उलटून पाहिला तर ही घरं चिकटलेली सापडतात. मोठा कीटक पंख कौलारू छपरासारखे मिटून बसतो. अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये त्याची नक्कल केली, ती एल्क या भल्या मोठ्या हरणाच्या केसांनी. हे केस भरड असतात आणि त्यांच्यात हवा असते, म्हणून बुडवली तरी बुचासारखी वर येणारी ही माशी. शिवाय रंगानं फिकी, म्हणजे संधिप्रकाशातही नजरेस पडते. मे महिन्याच्या संध्याकाळी कॅडिस पाण्यावर नाचायला लागले, की हिच्यासारखी दुसरी नाही.

तिसरीचा थाट काही और. तिचं नाव ‘रॉयल वुल्फ’. पण तिच्या आजीपासून सुरुवात करावी लागेल. ‘कोचमन’ ही जुनी विलायती माशी, मोरपिसाच्या तंतूंच्या अंगाची आणि पांढऱ्या पंखांची. १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन हेली यांनी ती बांधताना, मोराचे तंतू लवकर तुटू नयेत म्हणून, मध्ये लाल रेशमाचा पट्टा गुंडाळला. पट्ट्यामुळे माशी अशी काही खुलली की तिला ‘रॉयल कोचमन’ म्हणायचं ठरलं! ही हकीकत नोंदवून ठेवली मेरी ऑर्व्हिस मारबरी या बाईंनी. व्हरमाँटमधल्या वडिलांच्या कारखान्यात माश्या बांधणाऱ्या मुलींचा विभाग त्या सांभाळत. अमेरिकाभरच्या मासे धरणाऱ्यांकडून त्यांनी आवडत्या माश्यांबद्दल पत्रं मागवली आणि दोनशेहून अधिक जणांची उत्तरं जमवून १८९२ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. ‘तुमची आवडती कोणती?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा. तोवर कोरडी माशी तिकडे रुजायची होती, ग्रंथातल्या बहुतेक माश्या बुडणाऱ्याच. पण रॉयल कोचमन टिकली. पुढे ली वुल्फ यांनी १९३० च्या सुमारास नाजूक पिसांऐवजी हरणाच्या शेपटीचे केस पंखांना वापरून न बुडणाऱ्या दणकट माश्या बांधल्या. त्या घराण्यातली ही रॉयल वुल्फ. कमरेला लाल रेशीम, वर-खाली हिरवं मोरपीस, डोक्यावर पांढरे पंख... नवरीसारखी नटलेली! आणि मजा अशी, की जगातल्या कुठल्याही कीटकाशी तिचं साम्य नाही. हॅल्फर्डच्या तत्त्वाप्रमाणे तिला एकही मासा लागू नये. खळाळत्या पाण्यात मात्र मासे तिच्यावर तुटून पडतात.

उरलेल्या दोन माश्या थोडक्यात. ‘ग्रिफिथ्स नॅट’ ही चिलटाएवढी, नदी जिथे डोहात संथ होते तिथे लागणारी. आणि काळी मुंगी. पावसानंतर पंख फुटलेल्या मुंग्या उडतात आणि वाऱ्यानं पाण्यात पडतात. सप्टेंबरात, पाणी निवळलं की मुंगी डबीत हवीच. बाकीच्या माश्या दुकानात राहिल्या तरी चालतील.

दुकानावरून आठवलं, या माश्या बांधण्याचं कसब पूर्वी गुप्त विद्येसारखं जपत. कॅटस्किलमध्ये १९२० च्या दशकात रूब क्रॉस हे नावाजलेले माशी-कारागीर. वॉल्ट डेटे या तरुणानं पैसे देऊ केले आणि मला शिकवा म्हणाला. क्रॉस यांनी साफ नकार दिला. वॉल्टनं मग त्याच पैशांच्या माश्या विकत घेतल्या आणि घरी एकेक उसवायला घेतली. दोऱ्याचा कुठला वेढा आधी, पीस किती, कुठल्या बाजूनं... शेजारी बसून विनी हे सगळं टिपून घेत होती. या विनीशीच त्याचं लग्न झालं. डेटे नवरा-बायकोच्या माश्या पुढे क्रॉस यांच्याच तोडीच्या मानल्या गेल्या आणि मुलगी मेरीनं तो धंदा चालवला. उसवून शिकायची ही रीत आपल्याकडच्या कुठल्याही विणणाऱ्या बाईला ओळखीची वाटेल.

माशीचा जीव असतो कोंबड्याच्या पिसात. मानेवरचं किंवा पाठीवरचं ताठ, चमकदार पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू पायांसारखे बाहेर पसरतात आणि माशीला पाण्यावर उचलून धरतात. अशा पिसांसाठी खास कोंबडे पाळले जातात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मुलींना हीच पट्टेदार पिसं केसांत माळायची लहर आली आणि माशी बांधणाऱ्यांना पीस मिळेना, मिळालं तर किंमत अनेक पटींनी चढलेली! ब्यूटी पार्लरनं मासेमारीला अशी टांग मारल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

आपल्या सह्याद्रीचाही या खटाटोपात एक हिस्सा आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचा थेंब सुकावा तशी टिकली असलेली पिसं असतात. या पिसांची विलायतेत एवढी मागणी, की रानकोंबड्यांच्या माना बोटीनं जात. व्हिन्सेंट मारिनारो यांच्या १९५० च्या गाजलेल्या पुस्तकातली ‘जॅसिड’ माशी याच पिसाची. जॅसिड म्हणजे आपले पिकावरचे तुडतुडे! पेनसिल्व्हेनियाच्या लेटॉर्ट ओढ्यात ट्राउट तुडतुडे टिपताना पाहून मारिनारोंनी भारतातल्या रानकोंबड्याचं पीस गळावर आडवं बसवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या रानकोंबड्याला संरक्षण दिलं. आता तिकडे पाळीव पक्ष्यांची पिसं किंवा नकली पिसं वापरतात. जंगलातल्या पक्ष्याचं पीस कुणी देऊ केलं तर ते घेऊ नये, डबी त्याच्यावाचून अडत नाही.

एवढ्या निवडीनंतरही मासा वर येऊन माशीला नाक लावतो आणि परत जातो. नवखा लगेच डबी उघडतो. पण दोष बहुधा माशीचा नसतो, ओढीचा असतो. नदी मध्यभागी वेगानं वाहते, कडेला हळू. दोर मधल्या प्रवाहात पडला की तो फुगतो आणि माशीला मागून ओढतो. खरा कीटक प्रवाहाबरोबर वाहतो; ही मात्र पाण्यावर रेघ मारत निघते. माशाला तेवढं पुरे. म्हणून डोंगरात लांब फेकीचा हट्ट धरू नये. वीस-पंचवीस फुटांत काम भागतं. खालच्या बाजूनं, दगडाआडून, माशाच्या पाठीमागून जावं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. काठी उंच धरावी, दोर पाण्याबाहेर उचललेला असावा. मासा नाकारू लागला तर आधी आपली जागा बदलावी. मग तीच माशी एक नंबर लहान घ्यावी. एवढं करूनही नाहीच, तरच दुसरा नमुना. हा क्रम उलटा करणाऱ्यांचा दिवस गाठी मारण्यात जातो.

निवडीत आणखी एक गोष्ट येते, ती माश्यांच्या जाहिरातीत ठळक नसते. गळाचा उलटा काटा. तो पकडीनं दाबून सपाट करावा किंवा मुळात बिनकाट्याचाच गळ घ्यावा. थंड, कमी अन्नाच्या पाण्यात ट्राउट सावकाश वाढतो. वीतभर मासा व्हायला वर्षं जातात. एकदा धरलेला मासा मारून संपवण्याइतका स्वस्त नाही, हे ली वुल्फ १९३९ पासून सांगत होते. काटा दाबला की हात ओले करून, पाण्यातल्या पाण्यात, दोन बोटांनी गळ सुटतो. आपल्या नद्यांवर संकटं काही कमी नाहीत. जुलै २०२३ च्या पुरानं कुलू खोरं कसं खरवडून काढलं, ते सगळ्यांनी पाहिलं. अशा पुरात तळातल्या कीटकांपासून पिल्लांपर्यंत सगळंच वाहून जातं. त्यातून वाचलेला मासा काटेरी गळानं मरावा, हे बरं नव्हे.

हिमाचलमध्ये परवान्याशिवाय ट्राउट धरता येत नाही आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात बंदी असते. तो माशांच्या अंडी घालण्याचा हंगाम. बंदी लागली की काठीचे तुकडे सुटे करून पुसून ठेवतात. डबी मात्र तशीच बंद करून फडताळात टाकू नये. माश्या ओल्या राहिल्या तर गळ गंजतात आणि पिसं चेपून बसतात. झाकण उघडं टाकून ती दोन दिवस वाऱ्याला ठेवावी. चेपलेली पिसं चहाच्या किटलीच्या वाफेवर क्षणभर धरली की पुन्हा ताठ होतात. मग मोजून पाहावं. ज्यांची पिसं झिजली आहेत, दातांनी ज्यांचं रेशीम उसवलंय, त्या आवडत्या. त्या मार्चपर्यंत नव्या बांधाव्यात. ज्यांना पाणीही लागलेलं नाही, त्या काढून एखाद्या नवख्याला द्याव्यात. त्याच्या डबीत अजून जागा असते.